२^(क्ष − ३): आलेख सरकला की दबला?

नागपूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की य = २^क्ष चा आलेख उजवीकडे ३ ने सरकवला की य = २^(क्ष − ३) चा आलेख मिळतो. मुलीने नुसत्या नोट्सवर भरवसा न ठेवता स्वतः तक्ता करून बिंदू मांडले, तर तिला आलेख सरकलेला दिसेना, खाली दबलेला दिसला. चुलतभाऊ इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "बरोबरच आहे, आठव्या हिश्शावर आला." क्लासमध्ये विचारलं तर "नियम पाठ कर" एवढंच ऐकायला मिळालं. ताईंचा स्वतःचाही एक प्रश्न आहे: कंसात वजा असताना आलेख उजवीकडे का जातो, आणि तोच वजा कंसाबाहेर आला की सरळ खाली कसा येतो?

मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो, २६ वर्षं झाली. आधी लिहिण्याची सोय सांगतो: आडव्या अक्षावर क्ष, उभ्या अक्षावर य, आणि ^ ही खूण म्हणजे पुढचा आकडा वर, घातांकात. वहीत मुलीने नेहमीची इंग्रजी अक्षरंच वापरावीत.

ताई, उत्तर असं की नोट्स बरोबर आहेत, मुलगी बरोबर आहे आणि चुलतभाऊही बरोबर आहे. चूक असलीच तर "पाठ कर" म्हणणाऱ्याची. तिघंही एकाच वक्राबद्दल बोलताहेत. प्रश्न वरवर दिशेचा वाटतो, डावीकडे की उजवीकडे असा. पण तुमच्या मुलीने बोट ठेवलंय ते वेगळ्या जागी. घातांकी फलाच्या, म्हणजे क्ष घातांकात बसलेल्या फंक्शनच्या, आलेखात आडवं सरकवणं आणि उभं दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. हे इतर फलांच्या बाबतीत सहसा होत नाही, म्हणून नियम पाठ करणारी मुलं इथे अडखळत नाहीत आणि विचार करणारी अडखळतात.

आधी वजाबाकीचं बघू, ते लवकर संपतं. मुंबईहून रात्री निघालेली गाडी सकाळी नागपूरला यायची आहे आणि ती तीन तास लेट आहे. तुम्ही स्टेशनवर पाहुण्यांची वाट बघत बसलाय. गाडी आत्ता कुठे असेल? वेळेवर धावणारी गाडी तीन तासांपूर्वी जिथे असती, तिथे. म्हणजे लेट गाडीचा ठावठिकाणा काढायचा तर घड्याळातल्या वेळेतून ३ वजा करायचे आणि मूळ वेळापत्रकात बघायचं. आता कागदावर वेळ आडवी आणि अंतर उभं घेऊन दोन्ही गाड्यांचे आलेख काढा. लेट गाडी प्रत्येक स्टेशनावर तीन तास नंतर पोचते, म्हणून तिचा आख्खा आलेख उजवीकडे. सूत्रात वजा ३, चित्रात उजवीकडे ३. यात उलटं काहीच नाही.

दरवर्षी एखादं पोट्टं विचारतंच, "सर, वजा म्हणजे मागे ना? मग हे पुढे काहून जाऊन राहिलं?" त्याला मी एवढंच सांगतो की वजा आलेखाला लागलेला नाही, क्ष ला लागलाय. २^(क्ष − ३) मध्ये फलाच्या हातात क्ष पडण्याआधीच त्यातले ३ कापून घेतलेत. तेव्हा पूर्वी जे उत्तर क्ष = ० ला मिळत होतं, ते आता मिळवायला क्ष ३ ने मोठा आणावा लागतो. पूर्वी (०, १) असलेला बिंदू आता (३, १) ला. २^क्ष − ३ मध्ये मात्र उत्तर आधी निघालं, मग त्या तयार उत्तरातून ३ गेले. तयार उत्तर म्हणजे उंचीच, म्हणून आलेख सरळ ३ ने खाली. कंसातला वजा फल काम सुरू करण्याआधीचा, बाहेरचा काम झाल्यानंतरचा. मुली आणि मुलं हे दहा मिनिटांत समजून घेतात. गाडी मात्र लेटच हवी. वेळेआधी येणारी गाडी कुणालाच पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मुलीने केला तसाच तक्ता पुन्हा करून समोर घ्या. क्ष साठी ०, १, २, ३, ४, ५. पहिल्या ओळीत २^क्ष च्या किमती: १, २, ४, ८, १६, ३२. दुसऱ्या ओळीत २^(क्ष − ३) च्या: १/८, १/४, १/२, १, २, ४. हा तक्ता आडवा वाचा. पहिल्या ओळीतले १, २, ४ हेच आकडे दुसऱ्या ओळीत तीन रकाने उशिरा आलेत. सरकला. आता तोच तक्ता उभा वाचा. वर १, खाली १/८. वर ८, खाली १. वर ३२, खाली ४. प्रत्येक रकान्यात खालचा आकडा वरच्याच्या आठव्या हिश्शाइतका. दबला. तक्ता एकच, नोट्स लिहिणाऱ्याने आडवा वाचला, मुलीने उभा वाचला.

कारण शाळेत शिकलेल्या घातांकाच्या नियमात आहे: २^(क्ष − ३) = २^क्ष ÷ २^३ = २^क्ष ÷ ८. शाळेत हा नियम "पाया समान असेल तर घातांकांची वजाबाकी" असा पाठ झालेला असतो आणि आकडेमोडीच्या खणात बंद पडून असतो. त्याचं चित्र काढलं तर काय होतं, हे शाळेत कुणी विचारत नाही. चित्र काढलं की तो नियम म्हणतो: क्ष मध्ये बेरीज-वजाबाकी केली की य मध्ये गुणाकार-भागाकार होतो. आडवं सरकणं म्हणजे क्ष मधली बेरीज-वजाबाकी. उभं ताणणं-दाबणं म्हणजे य मधला गुणाकार-भागाकार. या दोघांना एकमेकांत बदलून देणं हेच तर घातांकी फलाचं काम.

मी वर्गात हे बटर पेपरवर करून घेतो. दोन-दोन मुलांच्या जोड्या. एकाने ग्राफ पेपरवर २^क्ष काढायचा, त्यावर बटर पेपर ठेवून वक्र गिरवायचा आणि बटर पेपर तीन घरं उजवीकडे सरकवायचा. दुसऱ्याने त्याच्याकडे न बघता दुसऱ्या ग्राफ पेपरवर प्रत्येक उंचीला ८ ने भागून बिंदू मांडायचे. मग सरकवलेला बटर पेपर उचलून दुसऱ्याच्या कागदावर अक्ष जुळवून ठेवायचा. वक्र वक्रावर बसतो. मुलं आधी एकमेकांवर कॉपी केल्याचा आळ घेतात. एकदा एक मुलगी बराच वेळ दोन्ही कागद खिडकीच्या काचेला धरून बघत होती. शेवटी म्हणाली, "सर, वक्र तोच आहे, पण माझा ठिपका कुठे गेला?"

तिचं म्हणणं फार मोलाचं होतं, म्हणून थोडं थांबतो. तिच्या जोडीदाराने बटर पेपरवर (०, १) ला लाल पेनने ठिपका दिला होता. कागद सरकवल्यावर तो ठिपका (३, १) ला गेला. तिने स्वतः भागाकार करताना त्याच (०, १) ला लाल ठिपका दिला होता, तो (०, १/८) ला आला. वक्र एकमेकांवर चपखल, पण ठिपके वेगवेगळ्या जागी. म्हणजे आख्खा वक्र कुठे जाऊन बसला, याचं उत्तर एकच. वक्रावरचा अमुक बिंदू कुठे गेला, याची उत्तरं दोन, कारण वाटा दोन. मोबाइलवरच्या ग्राफच्या अॅपमध्ये स्लायडर फिरवून बघताना मुलं नेमकी इथेच गोंधळतात. तिथे वक्रावर ठिपका नसतो. सूत्रातला ३ हळूहळू वाढवला की वक्र हलताना दिसतो, पण तो उजवीकडे निघालाय की खाली चाललाय, हे नुसत्या डोळ्यांनी सांगताच येत नाही. वक्र उभा चढतो तिथे नजर असेल तर सरकल्यासारखा वाटतो, अक्षाजवळ जवळपास सपाट असतो तिथे नजर असेल तर दबल्यासारखा. तुमच्या मुलीने ० ते ३ मधलेच बिंदू मांडले असतील, असा माझा अंदाज आहे. तिथे दबणंच दिसतं.

हे सगळ्याच वक्रांचं होतं असं समजू नका. क्ष^२ चा पॅराबोला घ्या. (क्ष − ३)^२ म्हणजे क्ष^२ − ६क्ष + ९. क्ष^२ ला कोणत्याही एका आकड्याने गुणून हे मिळणार नाही. पॅराबोलाचं टोक उजवीकडे गेलेलं स्पष्ट दिसतं, तिथे वाद नाही. २^क्ष ला टोक नाही, कुबड नाही, वळण नाही. ओळखायला खूणच नाही, म्हणून तो सरकला की दबला हे त्याला बघून कळत नाही.

पैशाचं उदाहरण घेतलं की घरात सगळ्यांना पटतं. ८ टक्के चक्रवाढीने पैसे ९ वर्षांत जवळपास नेमके दुप्पट होतात (१.०८ चा नववा घात १.९९९ येतो). इतका दर सध्या मिळेल न मिळेल, आकडे सोयीचे म्हणून घेतले, आणि दर स्थिर धरला, कर सोडून दिला. एका काकूंनी १२,५०० रुपये ठेवले. २७ वर्षांनी, म्हणजे तीनदा दुप्पट होऊन, त्यांचे १ लाख झाले. त्याच दिवशी शेजारच्या काकांनी त्याच दराने नवे १ लाख ठेवले. त्या दिवसापासून पुढे दोघांच्या पासबुकात कायम सारखाच आकडा. काकांची गोष्ट "१ लाख, पण तीन पट्ट्या उशिरा" अशी, काकूंची "आठवा हिस्सा, पण सुरुवातीपासून" अशी. एक पट्टी म्हणजे ९ वर्षं धरली तर काकांची रक्कम १,००,००० × २^(क्ष − ३) आणि काकूंची १२,५०० × २^क्ष. बँकेच्या संगणकाला दोघांत फरक करता येणार नाही, तारखा बघितल्याशिवाय. तारीख म्हणजे तो लाल ठिपका.

उलटही जाता येतं. ५ × २^क्ष हा आलेख उभा पाचपट ताणलेला, पण तोच डावीकडे सुमारे २.३२ ने सरकवलेलाही, कारण २ चा २.३२ वा घात जवळपास ५ येतो. हा २.३२ कुठून आला? लॉग. पाया २ घेऊन ५ चा लॉग. लॉगचा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो तो अशामुळे की "हा आकडा कशाला काढायचा" हे तिथे सांगितलेलं नसतं. इथे तो लागतो: किती पट ताणलं हे कळलं, आता किती सरकलं ते सांगा.

उभं सरकवणं मात्र खरोखर वेगळं आहे आणि त्याला कोणताही पर्याय नाही. २^क्ष + ३ हे २^क्ष ला गुणून, भागून किंवा आडवं कितीही सरकवून मिळत नाही. कारण २^क्ष डावीकडे शून्याच्या जवळ जवळ जात राहतो, शून्याला कधीच टेकत नाही. त्याला जितक्या पट ताणाल, दाबाल, सरकवाल, तरी शून्याचं शून्यच राहणार. ३ मिळवले की ती जवळ जाण्याची रेषाच उचलली जाते: आता वक्र य = ३ च्या जवळ जात राहतो. पुस्तकात हिला अनंतस्पर्शी म्हणतात. मी वर्गात फरशी म्हणतो. वक्र उलटा असेल, म्हणजे ३ − २^क्ष असा, तर तीच रेषा फरशी न राहता छत होते.

म्हणून माझा वर्गातला दंडक एकच: घातांकी आलेख काढताना पहिली रेषा वक्राची नाही, फरशीची. तुटक तुटक रेघ, पेन्सिलने. उदाहरण घ्या, य = ३ × २^(क्ष + १) − ५. नियमांची यादी घेऊन बसलात तर डावीकडे १, तिप्पट ताण, खाली ५, आणि त्यात क्रम आधी कुणाचा यावर भांडण. त्यापेक्षा य = −५ ला तुटक रेघ मारा. मग घातांक शून्य होईल असा क्ष घ्या, −१. तिथे उंची ३ − ५ = −२, म्हणजे फरशीपासून ३ वर. क्ष एकने वाढला की फरशीपासूनची उंची दुप्पट: क्ष = ० ला फरशीपासून ६ वर, म्हणजे य = १. क्ष = १ ला १२ वर, य = ७. एक मागे गेलं की निम्मी. झाला आलेख. क्ष-अक्षाला तो साधारण −०.२६ ला छेदतो, पण ते लॉगने काढायचं, डोळ्यांनी नाही. आणि हवं तर सगळं आवरून ६ × २^क्ष − ५ असं लिहा. आडवं सरकणं तिपटीत मिसळून गेलं, −५ मात्र हलला नाही.

फरशी महत्त्वाची का, हे मी चहावर शिकवतो. न्यूटनने थंड होण्याचा जो नियम मांडला तो १७०१ सालचा: वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातला फरक ठरावीक वेळात ठरावीक हिश्शाने कमी होतो. फरक, तापमान नव्हे. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद असलेल्या खोलीत ४० अंश सहज असतात. चहा ८० वर ओतला आणि दर दहा मिनिटांनी फरक निम्मा होतो असं धरलं, तर तापमान ८०, ६०, ५०, ४५ असं उतरेल. तोच कप डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ठेवा: ८०, ५०, ३५, २७.५. या हिशोबात मे मधला चहा कितीही वेळ ठेवा, ४० च्या खाली येणार नाही. सूत्र ४० + ४० × २^(−क्ष/१०), आणि त्यातला पहिला ४० म्हणजे खोली, म्हणजे फरशी. दहाच मिनिटं का, हे कपावर, पंख्यावर, बशीने झाकलाय की नाही यावर ठरतं. उघड्या कपातून सुरुवातीला वाफेनेही बरीच उष्णता जाते, तेव्हा खरे आकडे इतके नीटनेटके येत नाहीत. (माठातलं पाणी हवेपेक्षा गार कसं होतं, असं कुणीतरी विचारतंच. माठातून पाणी झिरपून वाळत असतं, म्हणून त्याची फरशी हवेच्या तापमानाच्याही खाली असते. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा त्याला मानवतो. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ इतकं करू शकत नाही.)

आता गंमत बघा. हुशार मुलं हे आकडे घेऊन लगेच गुणोत्तर काढतात, कारण त्यांना सांगितलेलं असतं की घातांकी म्हणजे गुणोत्तर स्थिर. ६० ÷ ८० = ०.७५. ५० ÷ ६० = ०.८३. ४५ ÷ ५० = ०.९. "सर, हे घातांकी नाहीच." आहे, पण तू फरशी वजा केली नाहीस. ४० वजा कर: ४०, २०, १०, ५. आता दर वेळी निम्मं. माझ्या अनुभवात या धड्यातली निम्मी चुकीची उत्तरं इथूनच येतात, आणि डावी-उजवी दिशा चुकल्याने येतात त्यापेक्षा ही जास्त असतात.

फरशी माहीत नसेल तर? समजा खोलीचं तापमान कुणी सांगितलंच नाही. तर लागोपाठच्या आकड्यांमधले फरक घ्या: २०, १०, ५. हेही निम्मे-निम्मे होताहेत. वर किंवा खाली सरकवलं की सगळ्याच आकड्यांत तेवढीच भर पडते, आणि वजाबाकीत ती भर निघून जाते. आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाची उंची समुद्रसपाटीपासून हजारावर वीस फूट धरली जाते. १९०७ साली तिथे सर्व्हेची खूण बसवली. त्याच्या आसपासच्या इमारतीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यात किती फूट आहेत, हे समुद्रापासून मोजून काढा की सीताबर्डीच्या रस्त्यापासून, उत्तर बदलत नाही. तसंच हे. आणि फरकांवरून फरशी शोधताही येते: ४५ नंतर चहा अजून २.५ उतरेल, मग १.२५, मग त्याच्या निम्मा, अशी सगळी बेरीज ५ कडे जाते. ४५ मधून ५ गेले, खोली ४० ची. थर्मामीटर खोलीत न टांगता खोलीचं तापमान निघालं. प्रत्यक्ष मोजमापात यावर फार विसंबू नका, एक अंशाची चूक फरकांच्या फरकात मोठी होऊन बसते. परीक्षेतल्या स्वच्छ आकड्यांना मात्र हे हमखास चालतं. ६, १०, २२, ५८ असे य दिले, क्ष साठी ०, १, २, ३. फरक ४, १२, ३६, म्हणजे पाया ३. पहिला फरक ४ म्हणजे गुणक (३^क्ष च्या आधीचा आकडा) × (३ − १), म्हणून गुणक २. फरशी ६ − २ = ४. सूत्र य = ४ + २ × ३^क्ष.

इथवरचं दोन वाक्यांत: क्ष मध्ये सरकवणं आणि य मध्ये गुणणं ही एकाच वक्राची दोन नावं, आणि कुठलं नाव घ्यायचं ते सूत्र कसं लिहिलंय त्यावर. फरशी हलवणं मात्र वेगळंच, त्याला दुसरं नाव नाही.

दोन सापळे मात्र आडव्या सरकवण्याचेच आहेत आणि ते दरवर्षी मुलांना पकडतात. पहिला २^(३क्ष − ६). मुलं म्हणतात उजवीकडे ६. क्ष = ६ ठेवून बघा, घातांक १२ येतो, शून्य नाही. घातांक शून्य होतो क्ष = २ ला. क्ष च्या मानेवर ३ बसलेला असेल तर आधी तो बाहेर काढा: ३(क्ष − २). म्हणजे हा ८^(क्ष − २), आठच्या पायाचा आलेख उजवीकडे २. दुसरा सापळा २^(३ − क्ष). यात +३ दिसतो म्हणून डावीकडे ३ असं उत्तर येतं. क्ष समोरचा वजा आधी बाहेर काढा: −(क्ष − ३). आलेख आधी य-अक्षात आरशासारखा उलटा, मग उजवीकडे ३. किंवा सरळ ८ × (१/२)^क्ष, उतरता आलेख आठपट ताणलेला. दोन्हीकडे माझी एकच युक्ती: घातांक शून्य करणारा क्ष शोधा. तिथे वक्र फरशीच्या बरोबर गुणकाइतका वर असतो. दिशा पाठ करायची गरजच उरत नाही.

परीक्षेत काय लिहायचं, हे विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण अकरावीच्या आईला ते हवंच असतं. हे प्रश्न कसा विचारलाय त्यावर आहे. सूत्र २^(क्ष − ३) असं छापलं असेल आणि "कोणतं रूपांतर" असं विचारलं असेल तर उजवीकडे ३ ने सरकवणं लिहावं. तपासणाऱ्याकडच्या उत्तरात तेच असतं. सूत्र (१/८) × २^क्ष असं असेल तर उभं दाबणं लिहावं. आलेख देऊन सूत्र विचारलं असेल तर दोन्हींपैकी कुठलंही चालायला हवं, पण एक ओळ कारणाची जोडावी. सीईटीसारख्या पर्यायांच्या परीक्षेत दोन्ही रूपं पर्यायांत दिली, तर मात्र ती एकच आहेत हे ओळखणारा पुढे जातो. तुमची मुलगी तिथे फसणार नाही, तिने ते आधीच स्वतः शोधून काढलंय.

तिला या रविवारी एक द्या. य = ३^(२ − क्ष) + १. आधी तुटक रेघ, मग घातांक शून्य करणारा क्ष, मग एकेक पाऊल दोन्हीकडे. नंतर तोच आलेख सरकवण्याचं नाव न घेता, नुसत्या गुणकाने लिहायला सांगा. पडताळायला: फरशी य = १, (२, २) आणि (१, ४) मधून जातो, य-अक्षाला १० वर छेदतो, क्ष-अक्षाला कधीच नाही. दुसरं रूप १ + ९ × (१/३)^क्ष. आणि (०, २) ला, म्हणजे सरकवण्याआधीच्या ३^(−क्ष) + १ वरच्या बिंदूला, लाल ठिपका द्यायला सांगा. तो एका वाटेने (२, २) ला जाईल, दुसऱ्या वाटेने (०, १०) ला. दुसऱ्या वाटेने १० का आणि १८ का नाही, हे तिला सांगता आलं की पाहा. ताणायचं ते फरशीपासून, क्ष-अक्षापासून नाही.